गोणी, पांढरी पँट आणि अंथुर्ण्याची पोरगी

मुलगी बघायला गेल्यावर मुलीनंही मुलाला प्रश्न विचारलेच पाहिजेत, हे माझं ठाम मत. त्या मतापायी आमच्या दिलीपचं काय झालं, ते ऐका.

दिलीप बारामती एमआयडीसीत कामाला. त्याच्या मोटरसायकलवर आम्ही दोघं अंथुर्ण्याला मुलगी बघायला निघालो. उसाचा पाट फुटून रस्त्यावर चिखल झाला होता. नवी पांढरी पँट वाचवायला या पठ्ठ्यानं पुढं लेगगार्डला खताची गोणी आडवी बांधली. अर्ध्या वाटेत इंजिन तापून बंद!

मी ओरडलो, “अरे, सायलेन्सरचा पाइप इंजिनाच्या पुढून का काढतात? तो भाग सगळ्यात जास्त तापतो, त्याला समोरचं वारं लागावं म्हणून! कार्बुरेटरला गारवा पाहिजे, धूळ नको, म्हणून तो मागं. तू वारंच अडवलंस!”

गोणी सोडली, इंजिन निवू दिलं आणि गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन पोचलो.

पोहे झाल्यावर मी म्हणालो, “आता मुलीनं विचारावं.”

तिचे वडील दचकले. पण सुनीता लगेच म्हणाली, “उशीर का झाला?”

दिलीपनं माझं भाषण गोणीसकट जसंच्या तसं म्हणून दाखवलं. वडील खूश.

“एवढं ठावं हाय, तर गोणी बांधली कशाला?” सुनीतानं विचारलं.

दिलीपनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं.

“पँट पांढरी हाय म्हणून,” तो पुटपुटला.

तिनं वाकून नीट बघितलं. “कुठं?”

वडिलांनी हसत आत हाक मारली, “अगं, साखर आण! आत्तापासनंच त्याला झापाय लागली ही. पसंत हाय तिला!”