पडदे गेल्याबाबत आणि बसायच्या जागेबाबत

नाव: सगळे ज्या नावाने हाक मारतात ते, टेपभाऊ. वय: ५३ वर्षे. धंदा: सोफे आणि गाड्यांच्या सीट शिवणे. राहणार: दुकानाच्या वरच्या खोल्यांत.

विचारल्यावरून समक्ष सांगतो की, वरील ठिकाणी मी पत्नीसह राहतो. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी असते. मी एक जुनी मालवाहू व्हॅन घेऊन तिच्यात आतून राहण्याजोगी सोय करत आहे. काम माझे मीच करतो. पलंगाखाली खण केले आहेत. मिटणारे टेबल बिजागरीवर बसवले आहे. बरण्यांची झाकणे फळीला खालून स्क्रूने आवळली आहेत, म्हणजे बरणी फिरवली की हातात येते आणि वळणावर पडत नाही. ही युक्ती माझी आहे, याची नोंद घ्यावी.

माझे साडू, म्हणजे पत्नीच्या धाकट्या बहिणीचे यजमान, यांनीही तशीच व्हॅन घेतली. ते शाळेची बस चालवतात. हातोडी कुठल्या बाजूने धरायची हेही त्यांना ठाऊक नाही. त्यांची गाडी दुकानामागच्या मोकळ्या जागेत माझ्या गाडीशेजारीच उभी असते. आत एक बाक, एक गादी आणि एक दिवा, एवढेच आहे. असे असूनही गल्लीतले लोक त्यांचीच गाडी पाहायला येतात, आणि पाहताना माझ्या गाडीला टेकून उभे राहतात. "काय ऐसपैस आहे हो!" असे म्हणतात. पत्नीही संध्याकाळचा चहा घेऊन तिकडेच बसते. तिला विचारले असता "बहीण आहे माझी" असे तिने सांगितले. बहीण घरीही भेटते. माझ्या पोटात दुखते असे कोणाला म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. दुखते.

उद्या सकाळी दोन्ही गाड्यांनी मिळून समुद्रावर जायचे ठरले आहे.

आज दुपारी मी चाकू अडकवायची चुंबकाची पट्टी बसवायला गाडीत गेलो असता खिडक्यांचे पडदे जागेवर नव्हते. पडदे निळे, जाड कापडाचे, खाली दुहेरी टीप घातलेले. कापड पत्नीने निवडले होते, शिवले मी. शेजारच्या गाडीकडे नजर गेली, तर ते तिथे लटकत होते. माझी टीप मी अंधारातही ओळखेन. डोक्यात तिडीक गेली. साडूंना काही न विचारता मी तडक इथे चौकीत आलो आणि चोरीची तक्रार सांगितली. हवालदारसाहेबांनी "आधी घरात विचारलंत का?" असे विचारले. मी नाही म्हटले.

बोलावल्यावरून साडू आपली गाडी घेऊन आले. सोबत दोघी बहिणी होत्या. माझी पत्नी मागे बाकावर पाठ टेकून, पाय पसरून बसली होती. पडद्यांबाबत विचारले असता ती म्हणाली, "मीच नेले. उद्या मी बहिणीच्या गाडीतून जाणार आहे, आणि मला ऊन लागतं."

आपल्या गाडीतून का नाही, असे मी विचारले. ती म्हणाली, "आपल्या गाडीत मी बसू कुठं? तुमचं टेबल, तुमचे खण, तुमच्या बरण्या. एक कोपरा राहिला होता, तिथं कपाट टांगलंत. ते डोक्याला लागतं म्हणून सांगितलं, तर म्हणालात, जरा वाकून बस."

मी तसे म्हणालो होतो.

साडू मध्ये बोलले, "टेपभाऊ, मी काही शहाणपणा केला नाही हो. बाक ठोकण्याआधी ताईंना एवढंच म्हटलं, बसून बघा, पाय पुरतात का." इतके साधे विचारणे त्यांना सुचले आणि मला नाही, याचा मला जेवढा हेवा वाटला, तेवढा त्यांच्या ऐसपैस जागेचाही कधी वाटला नव्हता. मला त्यांचा रागही धड करता येईना.

गाडीत माप घेताना टेपचे एक टोक मी धरतो, दुसरे पत्नी धरते. आत अडचण नको म्हणून मी तिला दाराबाहेर उभी करतो. त्यामुळे प्रत्येक मापाच्या वेळी ती बाहेरच होती, आणि मला आत जागा भरपूर दिसत होती. हे आता सांगताना लक्षात आले.

चोरी झालेली नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. पडदे पत्नीचे आहेत, तिने लावले तिथेच राहू द्यावेत. कपाट मला आजच्या आज उतरवायचे आहे, तरी मला लवकर मोकळे करावे.

वरचा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तसाच आहे. वाचन चालू असता पत्नी येऊन दाराशी ऐकत उभी होती. तुम्हाला काही सांगायचे आहे का, असे हवालदारसाहेबांनी तिला विचारले. तिने बहिणीला "तुम्ही व्हा पुढे" असे सांगितले आणि मला विचारले, "स्क्रूड्रायव्हर गाडीत आहे ना?"