एका कडीचं घंगाळ

मंडळी, आधी एक सांगा. सात समुद्रांपलीकडचा तो राक्षस! त्यानं आपला जीव पोपटात ठेवला, पोपट पिंजऱ्यात ठेवला आणि पिंजरा गुहेत टांगला. तो शहाणा की मूर्ख?

पुढचे आजोबा म्हणतात, शहाणा! आजोबा, तुमचा पोपट त्या तपकिरीच्या डबीत आहे, मला इथून दिसतोय! बाकीच्यांनी उत्तराची घाई करू नका. ऐका.

एका गावात तांबट आळी होती. उजाडलं की ठोका सुरू — ठण, ठण, ठण! घरोघर तांब्याच्या पत्र्यावर हातोडी. पाहुणा आला तर कानांवर हात ठेवील. पण आळीतल्या माणसाला तो आवाज ऐकूच येत नाही. आपल्याला आपला श्वास ऐकू येतो का? त्याला ऐकू येतं ते फक्त थांबणं! आणि आळीची रीत अशी, की कुणाच्या घरचं माणूस गेलं, की बातमी ज्याच्या कानावर येईल त्यानं हातोडी खाली ठेवायची.

त्या दिवशी बाळकोबा तांबट एका लग्नघरची हंडी ठोकत बसला होता. बायको गजराबाई तालुक्याच्या दवाखान्यात. लेक कुसुम तिच्या उशाशी. तिनंच सकाळी बापाला घरी पाठवलं होतं — "अण्णा, किती जागाल? घरी जा, अंगावर पाणी घ्या, दोन घास खा आणि या." आला घरी. पण रिकाम्या घरात आंघोळ सुचेना, भूक लागेना. मग बसला कामाला. हात चालला की डोकं जरा गप्प बसतं, हो की नाही?

आणि मंडळी, आळीच्या तोंडाशी एक ठोका थांबला. मग त्याच्या शेजारचा. मग समोरचा. शांतता एकेक घर ओलांडून आत येत होती! बाळकोबाच्या मनात आलं, कुणाचं कोण गेलं बरं? हात चालूच — ठण, ठण. मग भिंतीपलीकडचाही ठोका थांबला. अख्ख्या आळीत एकच हातोडी उरली. त्याची!

तेव्हा कळलं त्याला.

दारात शेजारची सगुणाबाई उभी होती, पदर तोंडाला लावून. "भावजी, आळीच्या तोंडाच्या घरी कुसुमचा फोन आला होता —" एवढंच बोलली. बाळकोबानं तिच्याकडं पाहिलं नाही. त्यानं पाहिलं कोपऱ्यात. तिथं तांब्याचं मोठं घंगाळ होतं, आंघोळीच्या पाण्याचं. एका बाजूला कडी. दुसरी बाजू मोकळी.

"असं कसं होईल?" तो म्हणाला. "घंगाळ तर अजून पुरं झालेलं नाही!"

सगुणाबाईला वाटलं, बिचाऱ्याला भ्रम झाला. नाही मंडळी! त्याचा हिशोब होता. वेडा म्हणा, पण हिशोब होता.

ही गजराबाई मोठी गोष्टीवेल्हाळ. दिवे लागले की ओट्यावर बसायची, बायापोरं भोवती जमायची आणि राक्षसाची गोष्ट ठरलेली. इतक्यांदा सांगितली, इतक्यांदा सांगितली, की आळी त्या गोष्टीतूनच विचार करायला लागली! मुलगी बघायला पाहुणे आले की पोरीची आजी विचारायची, "मुलाचा पोपट कशात आहे?" म्हणजे मुलाचा जीव कशात रमतो! पाहुणे चक्रावायचे — "आजी, आमच्याकडे म्हैस आहे. पोपट नाही." कुणाची सासू लोणच्याच्या बरणीपाशी घुटमळली की सुना कुजबुजायच्या, "हात लावू नका गं, सासूबाईंचा पोपट आहे त्यात!"

हसता? तुम्ही काय वेगळं बोलता? "जीव अडकलाय" म्हणता. "जीव टांगणीला लागला" म्हणता. अहो, टांगलेलं काय असतं? पिंजरा! पोरगी वेळेवर घरी आली की, "जीव भांड्यात पडला!" जीव छातीतला, तो भांड्यात कशाला जाईल? पण आपल्या सगळ्यांना लहानपणीच पटलेलं आहे, की जीव अंगात नसतो. तो कुठंतरी बाहेर ठेवलेला असतो. मागून कुणाचा तरी खिसा वाजला बघा! बाहेर जाऊन बोला बाबा, तुमचा पोपट ओरडतोय.

तर एकदा सगुणाबाईनं विचारलं, "गजराबाई, साऱ्या आळीचे पोपट सांगतेस. तुझा कुठाय?"

आता गजराबाईच्या घरची तऱ्हा ऐका. नवरा तांबट. गावातल्या मोऱ्यांत त्याची घंगाळं. आणि त्याच्या स्वतःच्या मोरीत? तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा! ती हसून म्हणाली, "माझा जीव घंगाळात! हे नुसतं करतो, करतो म्हणतात. ते पुरं झालं ना, की माझा जीव भांड्यात पडला बघ. मग मी सुटले!"

सुटले! थट्टेतला शब्द. आत बाळकोबा ठोके घालत होता. सगळं बोलणं ठोक्यांत बुडालं, हा एक शब्द तेवढा कानात शिरला. कधी कधी असं होतं ना? दोन ठोक्यांच्या मधे नेमकं नको ते ऐकू येतं.

पुढं त्यानं खरंच घंगाळ करायला घेतलं. चांगला जाड पत्रा, मन लावून घातलेला एकेक ठोका. एक कडी बसवली, आणि त्याच आठवड्यात गजराबाईनं अंथरूण धरलं. दुसरी कडी हातात घेतली, तर तो शब्द आठवला. मग मी सुटले!

कडी खाली ठेवली त्यानं.

औषध दिलं, बरं का! डॉक्टर केले, पथ्य केलं. पण मनात एक धरून बसला. जोवर कडी बसत नाही, तोवर जीव घंगाळात अडकलाय. जोवर अडकलाय, तोवर ती आहे. आणि हे कुणाला सांगायचं नाही! राक्षसानं तरी पोपटाचा पत्ता कुठं सांगितला होता?

ती अंथरुणातून विचारायची, "अहो, झालं का?"

"होतंय."

"एका कडीचं तर एका कडीचं. पाणी धरतंय ना? भरा की! कढत पाण्यानं एकदा अंग शेकू दे."

"अपुरं भांडं वापरू नये."

"मग पुरं करा. का मला शेवटची आंघोळही डब्यातूनच घालून धाडणार आहात?" असं म्हणून ती हसायची. तो हसायचा नाही. उठून बाहेर जायचा आणि लोकांची भांडी ठोकायचा.

आता पुन्हा त्या दिवसापुढं येऊ. सगळं उरकलं. पाहुणे गेले, कुसुम सासरी गेली. सगुणाबाई भाकरी घेऊन आली, तेव्हा बाळकोबानं पहिल्यांदा तोंड उघडलं. घंगाळाचं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "भावजी, ती दवाखान्यात निघाली तेव्हा मला काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, लोकांची हंडी होते, माझी कडी होत नाही."

बाळकोबानं भाकरी बाजूला सारली.

"आणि ती गोष्ट तुम्ही अर्धीच ऐकलीत. शेवट तुमच्या ठोक्यांत गेला."

"शेवट काय? पोपट मेला, राक्षस मेला."

"तो लोकांचा शेवट! गजराबाई पुढं सांगायची. पोपट मेल्यावर राजपुत्रानं पिंजऱ्यात डोकावून पाहिलं. वाटी कोरडी! राक्षसानं नाग बसवले, वाघ बसवले, पण मेल्यानं स्वतःच्या पोपटाला कधी एक हिरवी मिरची घातली नाही. इथं पोरं हळहळायची हो. पोपटासाठी नाही, राक्षसासाठी! एवढा जपला जीव, आणि भेटायला एकदाही गेला नाही, म्हणायची."

ती गेली. बाळकोबानं चूल पेटवली. पाणी तापवलं, घंगाळात ओतलं. थेंब गळला नाही. वाफ आली, तांबं गरम झालं. तो शेजारी पाटावर बसून राहिला, पाणी निवेपर्यंत. मग ओतून टाकावं म्हणून उचलायला गेला. एका बाजूला कडी, दुसरीकडं हात घसरतो! एका कडीचं भरलं घंगाळ एकट्या माणसाला हलत नाही, मंडळी. तांब्यातांब्यानं उपसलं त्यानं.

आता सांगा, राक्षस शहाणा की मूर्ख? आजोबा, गप्प का?

राहू द्या. मला उत्तर देऊ नका. घरी जा आणि तुमच्या पिंजऱ्यातली वाटी बघा. कुणीतरी तुमच्याकडं काहीतरी मागितलेलं असेल. फार मोठं नसेल हो! कढत पाणी. ओट्यावर शेजारी बसणं. आणि तुम्ही म्हणाला असाल, होतंय. आज जाल तेव्हा ते माणूस जागं असेल. हे भाग्य साधं नाही. इथं बसलेल्यांत काहींना ते नाही.

बाळकोबाच्या हातोडीचा ठोका आजही आळीत ऐकू येतो. गावाची भांडी वेळेवर होतात. घंगाळ कोपऱ्यात आहे, कडी त्यातच ठेवलेली आहे. ती अजून बसवायची राहिली आहे.