कोवळं हाड

— नाय मुकादम, अजून नाय सुटायची ही पट्टी. बसा आधी. पाय असा लांब करा, पाटावर ठेवा — हळू. गाडीवानाला बसू दे चिंचेखाली, घाई काय हाय? दुखत नाय म्हनता. दुखनं थांबलं म्हंजे हाड जुळलं, असं कोनी सांगितलं तुमाला? दुखनं आधी थांबतं, हाड मागनं येतं. इथंच तर मानूस फसतो.

आता बघा, मिठाच्या राशीवरनं घसरलात, नडगी मोडली. मोडल्या जागी आधी रगत साकळतं. मग तिथं नवं धरायला लागतं — पन ते काय हाड नसतं, कुरकुरं असतं, बकऱ्याच्या कानात असतं ना, तसं. वरनं हात लावला की गाठ लागते, मानसाला वाटतं झालं घट्ट. कसलं घट्ट? भार दिला तर वाकतं, आनि एकदा वाकलं की तसंच वाकडं पिकतं, मग जन्मात सरळ नाय. हाड काय लाकूड हाय? लाकूड मेलेलं, मोडलं की मोडलं. हाड जितं असतं, मुकादम. वरनं पातळ साल असते त्याला, आत मगज असतो, त्याला रगत लागतं, वेळ लागतो. तान्ह्या पोराची टाळू भरायला वेळ लागतो का नाय? मग तुमच्या नडगीला नको?

सासूनं शिकवलं मला हे सगळं. तिचा एक नेम होता — ज्यानं पट्टी बांधली त्यानंच ती सोडायची, दुसऱ्यानं हात लावला तर पुढचं त्याच्या माथी. अख्ख्या गावाला ठाऊक हाय हा नेम. तुमाला बी ठाऊक होता तेव्हा.

तेव्हा म्हंजे कधी? विसरलात? गोरा गेला, बंदरावर नवा झेंडा लागला, त्याच साली. तुमच्याच मिठागरात, भरतीचं पानी अडवायला ते उघाडीचं दार हाय ना, ते पडलं आमच्या घरवाल्याच्या पायावर. हाच पाय, डावा. मी बांधली पट्टी — अशाच बांबूच्या चिपा, असंच उडदाचं पीठ. आनि तुमी आलात, ह्याच पडवीत उभे राहिलात, म्हनालात मीठ पिकलंय आनि हा घरात नाटक करतोय. कमरेची सुरी काढून कापलीत माझी पट्टी. मी पाया पडले तुमच्या, आठवतं? म्हनालात, "उभा रहा, नायतर दुसरा मानूस तयार हाय." राहिले ते उभे. काय करतील? ते हाड वाकताना मी बघितलं. आवाज नाय झाला, काय नाय — ओल्या बांधावर पाय पडावा तसं दबलं. ते वरडले बी नायत. मीच वरडले.

मग पाय आखूड झाला, काठी आली हातात. पुढच्या उधानाला बांध फुटला, बाकीची मानसं पळाली — वाकडा पाय चिखलात किती पळनार? दुसऱ्या दिवशी काठी सापडली, खाडीकाठच्या खाजनात उभी रुतलेली. त्यांना शोधायला अजून एक दिवस लागला. ती काय तिथं काठी, खांबाला टेकवलेली. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नायत, म्हनून मी काठीशीच बोलते.

तुमी म्हनाल, मग माझा पाय सरळ कशाला बसवलास, हौसा? त्या दिवशी तुमी कळवळून बेशुद्ध पडलात, हाडाची दोन्ही टोकं माझ्या हातात होती. बोटभर फिरवलं असतं तर झालं असतं. आलं होतं मनात, खोटं कशाला बोलू? पन लोक म्हनाले असते, हौसानं वाकडं केलं. तुमच्यापायी माझा हात का बाटवू? सरळच बसवलं. मुद्दाम सरळ बसवलं. आता वाकलं तर माझ्यानं वाकनार नाय.

पनवेलला दवाखान्यात नाय गेलात तुमी. का? तर मिठागराच्या शेटच्या कानावर जाईल म्हनून. लपवायचं म्हनून माझ्या दारात आलात, तरी कळलंच शेटला. उद्या सकाळी येतायत, तुमाला राशीवर चढलेलं बघायचंय त्यांना, नायतर भगवान मुकादम होनार — तुमच्याच हाताखालचा भगवान. तुमाला वाटतं त्यानंच चहाडी केली. त्यानं कुठली? तो तर तुमाला बघून अजून चळचळा कापतो. अवो, मी सांगितलं. तांदूळ घेऊन बाजारात गेले होते, शेटच्या ओट्यावर टेकले, बोलता बोलता सांगितलं. हे तुमच्यापाशी बोलायचं नव्हतं, पन निघालं तोंडातनं. निघालं तर निघालं.

असं बघू नका माझ्याकडं. पाय टेकला तर पाय जातो, नाय टेकला तर काम जातं — ह्याच पेचात ते उभे होते, आता तुमी आलात. इतकी वर्सं ह्याचीच वाट बघत होते मी. तुमाला ती दुसरी वाट अजून हाय बघा. घरी जा, पडून रहा, शिमग्याला पालखीपुढं नाचाल. काम जाईल, एवढंच. आमचं बी काम गेलं असतं तर एवढंच गेलं असतं. पन तुमी आधीच पट्टी कापलीत, तेवढा इचार बी करू नाय दिलात आमाला.

नाय, मी सोडनार नाय. सांगितलं ना एकदा. सुरी असेलच कमरेला. अरे, तीच हाय अजून? बरीच जपलीत. मग कापा तुमीच, तुमाला काय नवीन हाय?

— कापलीत. बरं. मला वाटलंच होतं.

उठा मग. टेका पाय. गाडीवानाला कशाला हाक मारता, उद्या राशीवर कोन धरनार हाय तुमाला? — नाय, ती काठी ठेवा तिथं. ठेवा म्हनते ना. काशीरामची हाय ती.