वाईटांची रांग

नाही हो सर, रांग बरोबरच आहे, ओढा बाहेर — मीच उगाच दचकले. फार दिवस कुणी त्याला हात लावला नव्हता ना. आमच्याकडे पोशाखांच्या तीन रांगा आहेत. खिडकीकडे चांगले — राजपुत्र, पऱ्या, परिचारिका, मधे प्राणी, आणि भिंतीकडे वाईट — चेटकिणी, चाचे, दरोडेखोर आणि ती सावत्र आई, तिचा झगा सगळ्यात जास्त भाड्यानं जातो, का कोण जाणे. पोलीस गिऱ्हाईक सांगेल त्या रांगेत जातो. तर तुम्हाला दुष्ट परग्रहवासी हवाय, आणि आत तुम्ही स्वतःच शिरणार, आणि शेवटी अख्खा वर्ग मिळून त्याला बडवणार — बरं मग सर, हे नाटक मुलांनी निवडलं ते दुष्टाचा नाश व्हावा म्हणून, की सरांना बडवायला मिळेल म्हणून? हसताय काय, विचारून बघा एकदा. कोपरांना फोम दुहेरी आहे, तेवढं तुमचं नशीब.

पण दुष्ट कशावरून, सांगा बघू. शिंगं आहेत म्हणून? ती गाईलाही असतात. बोटं तीनच आहेत म्हणून? हे आमच्या ह्यांनी शिवलंय. जुन्या सोफ्याचा फोम, शेपटीत सायकलची ट्यूब, आणि डोळे म्हणजे दोन विजेऱ्यांच्या काचा — त्यासाठी घरातल्या चांगल्या चालणाऱ्या विजेऱ्या फोडल्या माणसानं, पुढे वीज गेली की आम्ही एकमेकांवर आपटायचो. शिंपी फार चांगले, पण वेड सिनेमाचं, त्यातही परग्रहावरचा प्राणी असलेल्या सिनेमाचं. एक होता, त्यात एक थंडगार ग्रहावरचं जनावर यानात शिरतं आणि नळ्यांतून सरपटत एकेका माणसाला जाऊन मिठी मारतं, माणूस गार पडला की दुसऱ्याकडे. हे ओरडायचे, मेला दुष्ट, मेला हलकट! मी म्हणायचे, अहो, त्याला थंडी वाजतेय. माणसं उबदार आहेत, ते उबेला येतंय. मांजर नाही का येत पांघरुणात? तर म्हणे, मांजर जीव घेत नाही. म्हटलं, उंदराला विचारा!

तिथून जी जुंपली ती जुंपली. हे पोशाख शिवून झाला की वाईटांत लावायचे, मी दुपारी उचलून प्राण्यांत, अस्वलाशेजारी. संध्याकाळी बघावं तर स्वारी परत चाच्यांच्या मधे. गिऱ्हाइकं विचारायची, तुमच्याकडे असे दोन आहेत का? मी म्हणायचे, अहो, वाईट कुणाला म्हणावं? ज्याला वाईट वाटू शकतं त्याला. तुम्ही माझी कात्री कागद कापायला घेता आणि वर लपवून ठेवता, म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे, आत कुठेतरी वाईट वाटतंय, आणि तरी करता — हा वाईटपणा. त्या जनावराला कुणाचं काही वाटतच नाही, मग ते वाईट कसं? पूर आला तर नदीला दुष्ट म्हणता का? हे म्हणायचे, नदीला शेपूट नसते.

हां, सगळेच परग्रहवासी तसे नसतात, ते मी मान्य करते. दुसऱ्या एका सिनेमात होते, टेबलाभोवती बसून सभा घ्यायचे — ह्या ग्रहावर लहान मुलं आहेत, तर मग आधी शाळा जाळूया, कुणाची हरकत? आणि एक बिचारा हात वर करतो, त्याला हरकत असते, आणि बाकीचे त्याच्याकडे बघून हसतात. ते वाईट. शंभर टक्के. एकानं हात वर केला ना, म्हणजे बाकीच्यांनाही करता आला असता. सभा घेणारा प्राणी दिसला की मी स्वतः उचलून भिंतीकडच्या रांगेत लावीन. पण हा? ह्यानं कुठे सभा घेतली?

मग वाईटांत कुणी लावला म्हणता? — तुमचं लक्ष बारीक आहे हो सर. मी लावला. हे गेले गेल्या वर्षी. बसा, बसा, लगेच चेहरा पाडू नका, दुकान आहे हे, इथे चेहरे भाड्यानं मिळतात. पोटात गाठ होती. डॉक्टर कागद उलटसुलट करत म्हणाले, गाठ वाईट आहे. मी खुर्चीला धरून बसले, आणि आमचे हे, इतकी वर्षं माझ्याशी भांडलेला माणूस, पुढे झुकून विचारतो — डॉक्टर, पण तिला वाईट वाटतं का, विचारलंत? डॉक्टरांना काही कळेना. आणि हे माझ्याकडे बघून डोळा मारतात. जिंकले मी, सर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कबूल केलं त्यांनी, आणि करायला जागा कुठली शोधली बघा. औषधांनी पुढे अंगातली ऊब गेली, दोन पांघरुणांत काकडायचे, तर एक दिवस हाच पोशाख घालून बसले. फोमचा, गरम असतो ना. डोक्यासकट! गल्ल्यामागे बसून तीन बोटांनी काजं करायचे, गिऱ्हाईक आलं की शेपूट हलवायचे, एक बाई तर किंचाळून पळाली, तिची पिशवी अजून आहे आत. मी चहा ठेवला की ते डोकं जरा कललं की समजायचं, साखर कमी आहे. अगं, मी आलो उबेला, म्हणायचे आतून, आता सांग, मी वाईट?

हे गेल्यावर सगळं आटोपून मी घरी आले, दुकान उघडलं, आणि हा उचलून त्या भिंतीला लावला, दरोडेखोरांच्याही पलीकडे. माझंच सगळं बोलणं मला ठाऊक होतं हो — गाठीला काय कळतं, ती नुसती वाढते, तिला आमचं घर कुठलं ते माहीत नाही. सगळं खरं. पण मला कुणीतरी वाईट हवं होतं. नुसतं झालं, कुणी केलं नाही, असं म्हणून माणूस झोपणार कसा, तुम्हीच — असो. द्यायचा की नाही तेही मी ठरवलेलं नाही अजून, पण मापाला घालून तर बघा. आधी पाय. शेपूट बाजूला घ्या, तिच्यावर बसाल. मागची चेन मी लावते, ती अडते मधे, वर ओढताना श्वास आत घ्या — असं. आता डोकं. ते थोडं डाव्या अंगाला कलतं, ओढून सरळ होणार नाही, फोम त्यांच्या मानेवर बसलाय —

...

नाही. काढू नका. काही बोलूही नका, सर. असेच उभे राहा जरा.

...

गरम होतंय ना आत? होणारच.

झालं. काढा. ह्या मोठ्या पिशवीत घाला, शिंगं वर राहू देत. घेऊन जा, म्हणते ना — आणि हँगर द्या तो इकडे. तिकडे नाही, मधल्या रांगेत लावते, अस्वलाच्या शेजारी. परत आणाल तेव्हा इथेच अडकवायचा, मी जागेवर नसले तरी. आणि मुलांना सांगा, जरा हळू मारा. त्याला काही वाटणार नाही, पण बघणाऱ्याला वाईट वाटतं. मी येणारे ना बघायला.

निघा आता. आणि दार ओढून घ्या, ऊब जाते बाहेर.