काजळाचा ठिपका

(सोलापूर, सन १९३३. गिरणीमागची चाळ. दुपारच्या सुट्टीत केरा चार महिन्यांच्या लेकाला पाजायला घरी आली आहे. तिची आज्जी बाळाबाई झोळीपाशी बसली आहे. शेजारच्या खोलीत कानडी चन्नम्मा राहते.)

केरा : आन् सकाळधरनं एकदा बी उठला न्हाय?

आज्जी : न्हाय गं. लई गुणाचं लेकरू. उगं उठवू नको, निजल्या निजल्याच लाव छातीला.

केरा : लावलं की. तोंडच उघडंना. रोज दुपारचा भोंगा झाला की चाळ डोक्यावर घेतोय, आन् आज माजा पदर दुधानं भिजला तरी ह्यो ओठ सुदिक हलवंना.

आज्जी : गोळीचा अंमल आसंल. उतरंल आता.

केरा : रोज दुपारपतोर उतरतोय की. आजच काय झालं?

आज्जी : काय व्हायचंय? नळावरनं आले तर किरकिरत हुता. दिली रोजच्यासारखी. बाजरीच्या दाण्याएवढी अफू, दुधात उगाळून.

केरा : आज्जे.

आज्जी : काय गं?

केरा : मी दिली हुती. तू नळावर हुतीस, भोंगा झाला, ह्यो टक्क जागा. म्हनून मीच दिली आन् पळाले.

आज्जी : आगं भवाने! मग ठिपका का न्हाय लावलास? गोळी दिली की डाव्या तळपायाला काजळाचा ठिपका. किती येळा सांगितलं तुला? शंभर येळा सांगितलं!

केरा : लावलाय.

आज्जी : न्हाय लावला.

केरा : लावलाय म्हनते न्हवं! ह्यो बघ, केवढा मोठा हाय. बघ की! आज्जे, तिकडं कुटं बघतीस? पाय हिकडं हाय त्याचा.

आज्जी : दे त्याला माज्याकडं. घोंगडं आन. गारठल्यालं कोकरू चोळत्यात तसं चोळाय पायजे. नाकात फुंकर मार त्याच्या.

केरा : तुला दिसत न्हाय?

आज्जी : फुंकर मार म्हनते न्हवं!

केरा : चन्नम्माक्का! आवं चन्नम्माक्का, धावा!

चन्नम्मा : काय झालं गं? अय्यो शिवने! ओठ निळं पडल्यात की ह्याचं.

केरा : दोनदा अफू गेली पोटात. एक माजी, एक आज्जीची.

चन्नम्मा : दवाखान्यात न्यायचं. मी टांगा आणते नव्या पेठेतनं. तवर निजू देऊ नका बघा त्याला. पाण्याचा हबका मारा, पायावर चापट्या मारा. आले मी, आले!

केरा : उठ रं श्रीमंता. उठ माज्या राजा. रड की रं, रड. आज्जे, कवापासनं दिसंना तुला?

आज्जी : दिवाळीपासनं. आदी धुरकट दिसायचं. आता उजेड तेवढा कळतोय.

केरा : म्हनून भाकरी कचकचत हुती! तुला दाण्यातलं खडं दिसत न्हवतं, आन् मी त्या पिठाच्या गिरणवाल्याला शिव्या घालत हुते. बोलली का न्हाईस?

आज्जी : काय बोलू? तू काम सोडलं असतंस, न्हायतर मला गावाकडं धाडली असतीस. पोराला सांभाळती, तेवढाच माजा उपेग ऱ्हायला हुता गं. आन् बोटाला कळायचं सगळं. गोळी कळायची, त्याचं अंग कळायचं.

केरा : ठिपका कळतोय का बोटाला?

आज्जी : न्हाय.

केरा : चापट्या मार. थांबू नको. मी पाण्याचा हबका मारते.

आज्जी : माज्या पयल्याचं असंच झालं, केरे. मंगळवेढ्याच्या माळावर मेंढरं बसली हुती. सासूनं दिली, मग मी दिली. त्या दिवशी आमी दोघी एकमेकीशी बोलत न्हवतो. त्याला पुरून आल्यावर सासूनं काजळ पाडलं आन् म्हनाली, हितनं फुडं ठिपका लावायचा. तुज्या आईला मी त्योच शिकवला. तुला बी.

केरा : ठिपका शिकवलास. पोर गेलं हुतं ते न्हाय सांगितलंस.

आज्जी : सांगितलं आसतं तर तू गोळीच दिली नसतीस. मग कामाला कशी गेली असतीस?

केरा : आत्ता घेतला बघ श्वास! घेतला न्हवं? तू हात ठेव छातीवर. तुज्या बोटाला कळतंय म्हनतीस न्हवं, ठेव की! लागतंय का हाताला?

आज्जी : थांब जरा.

केरा : सांग की गं!

चन्नम्मा : टांगा आला! उठ केरा, चल, पोराला पदरात घे.

आज्जी : टांगा परत धाडा, चन्नम्मा.

चन्नम्मा : अय्यो. अय्यो, यव्वा.

केरा : तिचं ऐकू नका! तिला दिसत न्हाय, तिला काय कळतंय? टांगा थांबवा, अक्का. श्रीमंता, ए श्रीमंता. आज्जे, गार लागतोय गं ह्यो.

चन्नम्मा : बस केरा, बस हितं. भोंगा झाला बघ. मी जाते तुज्या खात्यात, सांगते केरा येत न्हाय म्हनून.

आज्जी : केरे, माजं बोट धर. ठिपका कुटं हाय तेवढं दाव मला.

केरा : हितं.

आज्जी : हितं व्हय. नीट लावलास गं पोरी. शिकवला तसाच लावलास.