कुलकर्णी निघतात

अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरीत रविवारी दुपारी इतकी शांतता असते, की गल्लीत कुणी शिंकलं तरी कळतं. त्यात आमचे मित्र कुलकर्णी सहकुटुंब जेवायला आले. तीनला 'निघतो' म्हणाले. आता आपल्या लोकांचं निघणं तुम्हाला माहीतच आहे. अर्धा तास दारात, मग ड्राइव्हवेत गाडीपाशी. कुलकर्णी एक पाय गाडीत ठेवून पुण्यातल्या फ्लॅटबद्दल बोलतायत, वहिनी काच खाली करून माझ्या बायकोला भाजणीचं प्रमाण विचारतायत, मागे मुलगी बेल्ट लावून कधीच झोपलीय. थंडीनं माझे कान गारठलेले.

तेवढ्यात समोरचे फ्रँककाका बंद गाडी स्टार्ट करायच्या केबल घेऊन धावत आले. "बॅटरी गेली ना? खिडकीतून कधीचा बघतोय."

"नाही हो, हे घरी चाललेत."

"मग जात का नाहीत?"

मी म्हटलं, "आमच्यात लगेच गेलं तर वाटतं, जेवण आवडलं नाही."

काकांना हे फारच पटलं. "छान पद्धत आहे. बरं, निघतो मी," म्हणाले, आणि केबल खांद्यावर टाकून स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन पहिल्यापासून सांगायला लागले. कुलकर्णी गेले, तरी काका उभेच.

शेवटी समोरचं दार उघडलं. त्यांची बायको नॅन्सी तिथूनच मला म्हणाली, "त्या केबल आता ह्यालाच लावून बघ."