काचपेटीतला गडू

नाव इंद्रभान ग्यानबा खंडारे, वय ४१ वर्षे, धर्म बौद्ध, शिक्षण नववी, धंदा नोकरी, हायस्कूलच्या प्रयोगशाळेत परिचर, राहणार मंगरूळपीर, जिल्हा अकोला.

आज दिनांक १६ ऑक्टोबर १९७८ रोजी निरोप आल्यावरून ठाण्यात हजर होऊन समक्ष सांगतो की, मी वरील ठिकाणी बायको बेबी व दोन मुली यांच्यासह राहतो. आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष पंजाबराव मारोतराव गावंडे यांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे. मी नागपूरला जाण्यापूर्वी, रविवार दिनांक ८ रोजी, त्यांच्या बंगल्यातील माशांच्या काचपेटीत कपाशीवर फवारायचे एन्ड्रिन टाकले व आतील जीव मारले असे त्यात म्हटले आहे. तक्रार जमादारांनी मला वाचून दाखविली. शाळेने मला कालपासून कामावरून बंद केले आहे. एन्ड्रिन मी टाकलेले नाही. बाकी जे आहे ते सांगतो.

सदर पेटी चार फूट लांब असून १९७२ साली पंजाबरावांनी मुंबईहून हौसेने आणली. साधे गोड्या पाण्याचे मासे ठेवता आले असते, पण त्यांना समुद्रच पाहिजे होता. समुद्राचे पाणी प्लास्टिकच्या कॅनमधून रेल्वेने येई, अकोल्याला गाडी बदलून जऊळका स्टेशनवर उतरे आणि तेथून जीपने मंगरूळला. पहिले मासे तीन दिवसांत सडले. मग मला बोलावणे आले, कारण शाळेतली काचेची भांडी न फोडता धुणारा मी एकटाच होतो. अध्यक्षांना नाही म्हणण्याची माझी टाप नव्हती.

मला चार दिवस मुंबईला मासेवाल्या व्यापाऱ्याकडे पाठविले. त्याने शिकविले की, पाणी आटले तर वरून साधे पाणी घालावे, खारे घालू नये, कारण पाणी उडते, मीठ उडत नाही. मोटारीने हवेचे बुडबुडे चोवीस तास चालू पाहिजेत. आणि तांबे पेटीच्या जवळपास आणू नये. मासा एखादे वेळी सोसतो, पण जिवंत पोवळे व समुद्रफूल, म्हणजे दगडाला चिकटून राहणारा फुलासारखा जीव, सोसत नाही, झुरून मरते. परत आल्यावर हे मी पंजाबरावांना तोंडी सांगितले. शिवाय पुठ्ठ्यावर ‘तांबे लावू नये’ असे लिहून पेटीला टांगले. यंदा ऑगस्टमध्ये कोणी बडे पाहुणे येणार होते, तेव्हा अक्षर गबाळे दिसते म्हणून पंजाबरावांनी तो पुठ्ठा काढून टाकला.

दर रविवारी सकाळी नऊ ते बारा मी पेटीचे काम करीत असे. काच घासणे, रबरी नळीने तळाचा गाळ ओढणे, दुधातले पाणी पकडतात तसल्या काचनळीने खारेपणा मोजणे, अडाण नदीचे झिंगे बारीक चिरून समुद्रफुलाला चारणे, ही सर्व कामे माझी होती. उन्हाळ्यात पेटीभोवती वाळ्याच्या ताट्या लावून त्या भिजवीत होतो. ७६ च्या मे महिन्यात दोन दिवस लाईट गेली तेव्हा मी व बेबीने अंगणात बसून, खिडकीतून नळी आत घेऊन, सायकलच्या पंपाने पेटीत हवा भरली. समुद्रफूल आणले तेव्हा बशीएवढे होते, ते ताटाएवढे झाले. त्याच्या बोटांत दोन जोकर मासे राहत. पंजाबराव पाहुण्यांना सांगत की, हे सर्व मी स्वतःच्या हाताने सांभाळतो. तेव्हा मी मागच्या ओसरीत नळी धूत असे. माझ्या मुलींनी ती पेटी कधी पाहिलेली नाही.

दिनांक १० सप्टेंबर रोजी रविवारी काम करून निघालो. नळी विसरली म्हणून साडेबाराच्या सुमारास परत आलो. मागच्या ओसरीच्या दारातून आतले दिसत होते. पंजाबरावांच्या आई कस्तुराबाई, वय अंदाजे ७०, या काशीहून आणलेल्या गंगेच्या तांब्याच्या गडूतून तुळशीच्या पानाने पेटीत पाणी शिंपडत होत्या. पंजाबराव जवळ उभे होते. कस्तुराबाई म्हणाल्या, “सहा वर्सं झाले, दर आयतवारी शिंपडून राह्यली मी. तो मेला कोपरापर्यंत हात घालते पाण्यात. आता माहा हात दुखते रे बाप्पा.” त्यावर पंजाबराव म्हणाले, “मंग कायले शिंपडतं? गडूच सोडून दे आत. कायमचं शुद्ध होऊन जाईन.” असे म्हणून त्यांनी बाही वर करून गडू स्वतःच्या हाताने पोवळ्याच्या मोठ्या दगडामागे वाळूत रोवला, पाहुण्यांना दिसू नये असा. हेच पंजाबराव एप्रिलमध्ये जयंतीला शाळेत समतेवर पाऊण तास बोलले होते. मी स्टेजमागे पाण्याचा पेला घेऊन उभा होतो.

सहा वर्षे म्हणजे तीनशे रविवार. ते शिंपडणे मला माहीत नव्हते. मला राग आला असे लिहावे. जमादारांनी विचारले, किती आला. तो काही त्या काचनळीने मोजता येत नाही.

घरी जाऊन बेबीला सांगितले. ती म्हणाली, “मंग पुढच्या आयतवारी काढून टाका ना तो गडू.” मी म्हणालो, “त्यायच्या गंगेले आपून कसा हात लावाव? इटाळ होते ना.” ती म्हणाली, “अन त्या फुलानं तुमचं काय वाकडं केलं?”

दिनांक १७ रोजी गोगलगायी मेलेल्या निघाल्या. २४ रोजी पोवळे मिटले, ते पुन्हा उघडले नाही. गडू हिरवा पडला होता. मी त्याच्या चारी बाजूंनी वाळू साफ केली व गडू जागच्या जागी ठेवला. १ ऑक्टोबर रोजी पंजाबरावांनी विचारले, “इंद्रभान, फूल काहून मिटून राह्यलं?” मी म्हणालो, “मले काय मालूम साहेब. माहा तर हातच लागते पाण्याले.” त्यांनी माझ्याकडे पाहिले व ते आत गेले. मी सर्व ऐकले आहे हे तेथेच त्यांना समजायला हवे होते.

दिनांक ८ रोजी समुद्रफुलाने दगड सोडला. ते वाळूवर पडले होते. मी चारलेला झिंगा त्याने धरला नाही. जोकर मासे तोच तुकडा तोंडात धरून पुन्हा पुन्हा त्याच्यावर नेऊन टाकत होते. मी बारापर्यंत तेथेच बसलो व बाकी काम न करता घरी आलो. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेलो. १३ तारखेला परत आलो तो फूल विरघळून पाणी दुधासारखे झाले होते व बंगल्यात नाक धरून लोक जमले होते.

एन्ड्रिनने कपाशीची अळी मरते, गाय मरते, माणूस मरतो. मासा तर पाच मिनिटेही टिकत नाही. पेटीतले दोन्ही जोकर मासे आजही जिवंत आहेत. जमादारांनी स्वतः जाऊन पाहावे.

पेटीचा पंचनामा करावा व दगडामागचा गडू पंचांसमक्ष बाहेर काढावा, अशी माझी विनंती आहे. तो कोणी ठेवला व कशासाठी ठेवला, हे पंजाबरावांनी चार लोकांत आपल्या तोंडाने सांगावे, व ते असेच्या असे लिहून घ्यावे. असल्या शिंपडण्याला अस्पृश्यतेच्या कायद्यात कलम आहे असे ऐकतो, तेही पाहावे. गडू काढायला मला सांगू नये. मी हात लावणार नाही. ज्यांच्या हाताने बाटत नाही त्यांनी काढावा.

मी पाच आठवडे गप्प राहिलो. एक शब्द बोललो असतो तर फूल वाचले असते. मला सूड घ्यायचा होता व तो मी घेतला. पंजाबरावांबद्दल मला काहीएक वाईट वाटत नाही. फुलाबद्दल वाटते. गप्प राहण्याला कलम असेल तर मलाही लावावे.

जमादारांनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखविला. त्यात ‘गडू नजरचुकीने तसाच राहिला’ असे लिहिले गेले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून ‘गडू मी जाणूनबुजून तसाच राहू दिला’ असे केले आहे. आता माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. अशा जबाबावर सही लागत नाही असे जमादार म्हणाले. मी केली आहे.